गिरगावातल्या वाचनालयाची सूची एक्सएमएलमधून सोडवताना

फाइल एकच होती, साधारण चाळीस एमबीची, आणि ती अख्खी एका ओळीत होती. बावीस हजारांच्या आसपास पुस्तकं, त्यांचे लेखक, प्रकाशक, विषय, दाखल क्रमांक, सगळं एकमेकांना चिकटून. मध्ये कुठे एंटर म्हणून नाही. ठाकूरद्वारजवळच्या एका जुन्या वाचनालयाने ज्या सॉफ्टवेअरमध्ये वर्षानुवर्षं सूची भरली, ते बनवणारे आता फोन उचलत नाहीत. तिथून बाहेर पडायला ‘एक्सपोर्ट टू एक्सएमएल’ हे एक बटण तेवढं शिल्लक होतं. एक्सएमएल म्हणजे माहितीच्या प्रत्येक तुकड्याला नावाच्या खुणा, म्हणजे टॅग, लावून ती साठवायची पद्धत. ते दाबलं आणि ही फाइल हातात आली. ती कोहामध्ये चढवायची होती. कोहा ही मोफत ग्रंथालयप्रणाली मूळची न्यूझीलंडची, २००० सालापासून वापरात आहे, आणि तिला मार्कएक्सएमएल, म्हणजे ग्रंथालयांच्या ‘मार्क’ नोंदींचं एक्सएमएल रूप, हा साचा कळतो. आमच्या फाइलीवरही मार्कएक्सएमएलचंच नाव होतं. म्हणजे कागदोपत्री काम पाच मिनिटांचं.

कोहाने फाइल घेतली नाही. ब्राउझरने पहिल्याच चुकीवर हात वर केले. नोटपॅड तर नुसतं गरगरत बसलं. ग्रंथपाल बाईंनी मला निरोप धाडला, कारण आई तिथली जुनी सभासद आणि मी लोअर परळच्या एका ऑफिसात दिवसभर असल्याच फाइली इकडच्या तिकडे करते. शनिवारी दुपारी चर्नी रोडला उतरून मी तिथे जाऊ लागले.

ऑफिसात यासाठी महागडी साधनं आहेत. इथे मी एक्सएमएल-लिंट घेतलं, पुढे नुसतं लिंट म्हणते. डॅनियल व्हेयार यांनी सुरू केलेल्या लिबएक्सएमएल-टू या लायब्ररीबरोबर ते येतं. मॅकवर आधीपासून असतं, उबुंटूवर एका कमांडने बसतं. वाचनालयाच्या विंडोज मशीनवर उबुंटू घातलं की झालं. काळ्या खिडकीत चालतं, पैसे पडत नाहीत, आणि चाळीस एमबीला घाबरत नाही.

लिंटला नुसतं फाइलीचं नाव दिलं की ते दोन कामं करतं. आधी पार्स: अक्षरांची ती लांबलचक ओळ वाचून मेमरीत झाड उभं करायचं, मुळाशी ‘कलेक्शन’, त्याखाली एकेका पुस्तकाचा ‘रेकॉर्ड’, त्याखाली शीर्षक-लेखकाची ‘डेटाफील्ड’ आणि ‘सबफील्ड’. मग सिरियलाइझ: ते झाड पुन्हा ओळीत उतरवून बाहेर टाकायचं. जाताना-येताना काय बदलतं, त्यातलं काय बदललं तरी चालतं आणि काय अजिबात चालत नाही, हे ओळखण्यातच माझे सगळे शनिवार गेले.

पहिला पर्याय ‘नोआउट’. म्हणजे वाच, पण काही छापू नकोस, फक्त चुका सांग. चुका धबधब्यासारख्या कोसळल्या आणि सगळ्यांचा ओळ क्रमांक एक. एकाच ओळीची फाइल, दुसरं काय येणार! चूक कुठे आहे ते दाखवायला लिंट खाली एक टोपीचं चिन्ह काढतं. देवनागरी मजकुराखाली ती टोपी भलत्याच अक्षराखाली पडत होती. म्हणून आधी प्रत्येक ‘रेकॉर्ड’च्या बंद होणाऱ्या टॅगनंतर एक एंटर घातला. दोन रेकॉर्डांच्या मधल्या मोकळ्या जागेला इथे काही अर्थ नसतो, त्यामुळे हे बिनधोक. आता चूक कितव्या पुस्तकात आहे ते तरी कळू लागलं.

सगळ्यात जास्त गर्दी ‘&’ची. जुन्या प्रकाशकांच्या नावांत ‘& सन्स’, ‘& कंपनी’, ‘& मंडळी’ यांची रेलचेल. एक्सएमएलमध्ये मोकळा ‘&’ चालत नाही, तो ‘अँप’ या संकेताने लिहावा लागतो, आणि जुन्या सॉफ्टवेअरने तो लिहिलेला नव्हता. गंमत अशी की एकाच चुकीच्या दोन तक्रारी येत होत्या. ‘&’नंतर मोकळी जागा असेल तर ‘नो नेम’. आणि कुणी ‘&सन्स’ असं जोडून टाइप केलं असेल तर ‘एक्स्पेक्टिंग’ आणि पुढे अर्धविराम, कारण एक्सएमएलच्या नियमांत देवनागरी अक्षरांनीही नाव बनतं. लिंटला वाटत होतं की ‘सन्स’ नावाचा कुठलातरी संकेत सुरू झालाय आणि तो बंद करायचा राहिलाय. त्याच्या जागी ते बरोबरच होतं. ज्या ‘&’नंतर खरा संकेत येत नाही तेवढेच बदलायचे, अशी पर्ल या भाषेतली एक ओळ लिहिली आणि ही गर्दी हटली.

लिंटमध्ये ‘रिकव्हर’ नावाचाही एक पर्याय आहे. चुका असल्या तरी जमेल तेवढं वाचून झाड उभं करतो. ऑफिसात घाईच्या वेळी लोक तो सर्रास लावतात. इथे दहा रेकॉर्डांच्या तुकड्यावर लावून पाहिला: प्रकाशकाच्या नावातला ‘&’ गायब, ‘सन्स’ तेवढे उरलेले, आणि बाहेर पडलेली फाइल दिसायला एकदम टापटीप. काय गळलं याची त्या फाइलीत खूण नाही. सूचीच्या कामात याच्यासारखा घात नाही. म्हणून रिकव्हर वर्ज्य. लिंट जोवर ‘नाही’ म्हणतंय तोवर पुढे जायचं नाही, असं बाईंना सांगितलं. त्यांना ते लगेच पटलं. त्या स्वतः दाखल नोंदवहीत खाडाखोड चालवून घेत नाहीत.

मग आल्या अदृश्य अक्षरांच्या चुका. ‘पीसीडेटा इनव्हॅलिड कॅर व्हॅल्यू ११’ आणि तशीच ३१ वाली. एक्सएमएल १.० मध्ये ३२ च्या खालच्या अक्षरांपैकी फक्त टॅब, लाइन फीड आणि कॅरेज रिटर्न, म्हणजे ९, १० आणि १३, एवढ्यांनाच प्रवेश आहे. बाकीची आकडी संकेतानेही लिहिता येत नाहीत. ११ म्हणजे व्हर्टिकल टॅब. वर्डमधून मजकूर चिकटवताना परिच्छेद न मोडता ओळ तोडली असेल तर तो येतो. तिथे एक साधी जागा घातली, काम झालं.

३१ने मात्र मला थांबवलं. मार्क हा साचा एक्सएमएलच्या कितीतरी आधीचा, १९६० च्या दशकातला, आणि त्याच्या मूळ रूपात एका फील्डचे तुकडे पाडायला हेच ३१ क्रमांकाचं अक्षर वापरतात. त्याच्यामागोमाग एक इंग्रजी अक्षर येतं: ‘ए’ म्हणजे शीर्षक, ‘बी’ म्हणजे उपशीर्षक, ‘सी’ म्हणजे लेखक-संपादकांचा उल्लेख. कधीतरी कुणीतरी दुसऱ्या ग्रंथालयाची नोंद कच्ची उचलून शीर्षकाच्या रकान्यात चिकटवली होती. ते ३१ नुसतं उडवलं असतं तर शीर्षकाच्या शेपटीला एक ‘सी’ आणि त्यालाच लेखकाचं नाव चिकटलं असतं, आणि लिंट खूश होऊन गप्प बसलं असतं. त्यामुळे अशा नोंदी एक-एक करून हाताने फोडल्या. थोड्याच होत्या. बाई कपाटातून पुस्तक काढून शीर्षकपान वाचायच्या, मी टाइप करायचे.

काही ठिकाणी ‘इनपुट इज नॉट प्रॉपर यूटीएफ-८’ अशी तक्रार आली, तीही ‘१९३५–४०’ अशा सालांच्या मधल्या रेघेवर. यूटीएफ-८ म्हणजे युनिकोडमधली, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणकातली, अक्षरं बाइटांत लिहायची रीत. विंडोजच्या जुन्या कोडपेजातली, म्हणजे जुन्या अक्षरसंचातली, ती रेघ तशीच आत शिरली होती. ते पटकन निस्तरलं.

आणि मग एकदाचं नोआउट लावल्यावर पडद्यावर काहीच आलं नाही. या साधनात काहीच न येणं म्हणजे पास.

आता सिरियलाइझ. बाई शेजारी खुर्ची ओढून बसल्या, मी लिंटला फाइल नीट मांडून छापायला सांगितली, आणि पडदाभर आकडे. एकही मराठी अक्षर नाही. ‘म’च्या जागी अँपरसँड, हॅश, एक्स, मग ९२ई, मग अर्धविराम. पुढचं अक्षर, पुन्हा तेच.

“अगं, सगळं मराठी गेलं की!” बाई म्हणाल्या.

गेलं नव्हतं. फाइलीच्या पहिल्या ओळीत एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं कुठल्या रीतीने लिहिली आहेत ते, सांगितलेलंच नव्हतं. वाचताना यूटीएफ-८ धरून चालायचं असा नियम आहे, तसं लिंटने वाचलंही. पण लिहिताना आमच्या मशीनवरचं लिंट सावध राहत होतं आणि साध्या इंग्रजी कीबोर्डाबाहेरचं प्रत्येक अक्षर त्याच्या युनिकोड क्रमांकाने लिहीत होतं. यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेणारं देवनागरी अक्षर असं लिहिलं की सात बाइट खातं, म्हणजे फाइलही फुगते. पार्सरच्या दृष्टीने दोन्ही रूपं तंतोतंत एक. ‘एन्कोड’ पर्याय लावून यूटीएफ-८ सांगितलं की पहिल्या ओळीत त्याची नोंद होते आणि अक्षरं अक्षरांसारखी दिसतात. बाईंचा जीव भांड्यात पडला.

पण ते आकड्यांचं रूप मी टाकून दिलं नाही, कारण बाईंची एक जुनी तक्रार होती. विषयसूचीत ‘मराठी कादंबऱ्या’ हा विषय दोनदा यायचा, एकाखाली काही शेकडा पुस्तकं आणि दुसऱ्याखाली उरलेली. दोन्ही शब्द पडद्यावर हुबेहूब सारखे. सॉफ्टवेअरवाल्यांनी त्यावेळी ‘तुमच्या माणसांनी दोनदा भरलंय’ असं सांगून हात झटकले होते. मी दोन्ही नोंदी आकड्यांत छापल्या आणि एकाखाली एक ठेवल्या. क, काना, द, अनुस्वार, ब, इथपर्यंत सारखं. पुढे एकीत ९३१, ९४डी, ९२एफ. दुसरीत ९३०, ९४डी, २००डी, ९२एफ. म्हणजे एकीने ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त लावून ‘य’ जोडला होता. दुसरीने साधा ‘र’ घेतला, हलन्त लावला, आणि मध्ये २००डी हे न दिसणारं, फक्त जोडणी सांगणारं अक्षर घातलं. युनिकोडच्या प्रमाणकात दोन्ही रीती नोंदलेल्या आहेत, पसंती पहिलीला. डोळ्यांना एकच शब्द, यंत्राला दोन. वाचनालयात टाइप करणारी माणसं बदलली, त्यांच्याबरोबर कीबोर्ड बदलले, आणि त्याप्रमाणे कादंबऱ्यांची दोन घरं झाली.

मी बाईंना ते दोन आकडे बोट ठेवून दाखवले. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “दिसायला जसं आहे तसंच राहणार ना? मग बदल.”

हे सापडल्यावर आकड्यांतली ती फाइल मी भिंगासारखी वापरली. ‘ॲ’ची तर तीन रूपं निघाली: काही ठिकाणी ९७२ हा स्वतंत्र ‘ॲ’, जो युनिकोडमध्ये २००८ साली आला, काही ठिकाणी ‘अ’ आणि त्यावर चंद्र, आणि काही ठिकाणी या दोघांच्या मध्ये पुन्हा तेच २००डी. बिचारा ॲरिस्टॉटल तीन जागी विभागलेला. युनिकोडचं ठरावीक सामान्यीकरण, ज्याला एनएफसी म्हणतात, तेही या रूपांना एक करत नाही, आणि एक्सएमएलच्या कुठल्याच साधनाचं ते काम नाही. त्यामुळे बदलांची यादी स्वतःच बनवावी लागली. मराठी मजकुराच्या फाइली हाताळणाऱ्याने एकदा तरी आपला मजकूर असा आकड्यांत छापून बघावाच, असं माझं ठाम मत झालंय.

पुढचा अडथळा नेमस्पेसचा, म्हणजे टॅगचं नाव कुठल्या साच्यातलं आहे ते सांगणाऱ्या पत्त्याचा. लिंटला एक्सपाथने, म्हणजे त्या झाडातल्या फांद्या शोधायच्या भाषेत, प्रश्न विचारता येतात: अमुक टॅगची सगळी शीर्षकं दे, तमुक मोज. मी ‘डेटाफील्ड २४५’, म्हणजे शीर्षकाचं फील्ड, मागितलं, उत्तर ‘एक्सपाथ सेट इज एम्प्टी’. बावीस हजार शीर्षकं समोर दिसतायत आणि हे म्हणतंय रिकामं. कारण मुळाच्या टॅगवर अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा मार्कएक्सएमएलचा नेमस्पेस लावलेला असतो, उपसर्गाशिवाय. खालच्या सगळ्या टॅगांचं पूर्ण नाव त्यामुळे त्या पत्त्यासकट होतं, आणि एक्सपाथमध्ये उपसर्ग न लावलेलं नाव म्हणजे नेमस्पेस नसलेलं नाव. इथे नवीन माणूस हमखास फसतो आणि फाइलीला दोष देतो. लिंटच्या शेल पर्यायात ‘सेटएनएस’ने त्या पत्त्याला एखादं अक्षर बांधून देता येतं, नाहीतर ‘लोकल-नेम’ वापरून नुसतं नाव तपासता येतं. मला बदलही करायचे होते म्हणून मी एक्सएमएल-स्टारलेट नावाचं दुसरं साधन घेतलं. त्यात अशा बिनउपसर्गाच्या नेमस्पेसला अंडरस्कोर आणि दोन टिंबं लावून हाक मारता येते, टाइप करायचा त्रास वाचतो.

स्टारलेटने केलेलं सगळ्यात समाधानाचं काम भाषेच्या कोडचं. मार्कमध्ये ००८ हे फील्ड चाळीस अक्षरांचं असतं आणि त्यात ३५ ते ३७ या जागी भाषा: मराठीला ‘एमएआर’. जुन्या सॉफ्टवेअरने देवनागरी दिसली की सरसकट ‘एचआयएन’ ठोकलं होतं, म्हणजे सगळं मराठी साहित्य हिंदीच्या खात्यात. मार्क जागा शून्यापासून मोजतं आणि एक्सपाथ एकपासून, म्हणून छत्तिसाव्या अक्षरापासून तीन अक्षरं उचलायची. सुरुवातीची पस्तीस तशीच ठेवून, मध्ये नवीन कोड घालून, एकोणचाळिसाव्यापासून पुढचं पुन्हा जोडायचं. खरी हिंदी पुस्तकं वगळायची होतीच. त्यांच्या दाखल क्रमांकाआधी ‘हिं’ लावायची इथली पद्धत आहे, ती अटीत घातली.

बदल झाला, पण हवा तेवढाच झाला का? जुन्या-नव्या फाइलींवर नुसतं डिफ, म्हणजे दोन फाइलींतल्या वेगळ्या ओळी दाखवणारं साधन, लावलं तर जवळजवळ प्रत्येक ओळ वेगळी येते. जुन्या फाइलीत ॲट्रिब्यूट, म्हणजे टॅगच्या आत लिहिलेले गुणधर्म, एकेरी अवतरणांत होते, सिरियलायझर दुहेरी लावतो. रिकामा सबफील्ड आधी उघडून बंद केलेला असतो, नंतर तो एकाच टॅगमध्ये मिटतो. यातलं काहीच खऱ्या अर्थाने बदललेलं नसतं. यावर लिंटचा ‘सी-फोर्टीन-एन’ पर्याय, म्हणजे कॅनॉनिकल एक्सएमएल: अवतरणं एका पद्धतीची, ॲट्रिब्यूट ठरावीक क्रमाने, रिकामे टॅग उघडून बंद केलेले, पहिली घोषणेची ओळ काढलेली, मजकूर यूटीएफ-८. दोन्ही प्रती आधी ‘फॉरमॅट’ने ओळींत मांडून मग या रूपात आणल्या आणि डिफ लावलं. आता फक्त भाषेचे कोड दिसले, बाकी काही नाही. पार्स होण्याआधीच्या दुरुस्त्यांना, म्हणजे ‘&’ वगैरेंना, हा उपाय लागू नाही, कारण न वाचता येणाऱ्या फाइलीचं कॅनॉनिकल रूप निघतच नाही; त्या साध्या डिफने डोळ्यांखालून घातल्या.

‘फॉरमॅट’बद्दल एक सावधगिरी. मार्कएक्सएमएलमध्ये मजकूर फक्त झाडाच्या अगदी टोकाच्या टॅगांत असतो, त्यामुळे ओळी पाडून मांडलं तरी अपाय होत नाही. पण जिथे परिच्छेदात टॅग आणि मजकूर मिसळलेले असतात, तिथे हाच पर्याय लावताना दहादा विचार करावा. ‘दादर’ एका टॅगमध्ये आणि ‘ला’ लगेच दुसऱ्यात असेल, तर मध्ये एंटर पडून ‘दादर ला’ व्हायला वेळ लागत नाही.

आता फाइल वेल-फॉर्म्ड, म्हणजे एक्सएमएलच्या नियमांत बसणारी, होती. साच्यात बसते का, हे वेगळं. लायब्ररी ऑफ काँग्रेसची मार्कएक्सएमएलची स्कीमा, म्हणजे साच्याचे नियम लिहिलेली फाइल, आधीच उतरवून ठेवली होती, ती ‘स्कीमा’ पर्यायाने लावली. प्रत्येक रेकॉर्डच्या ‘लीडर’वर, म्हणजे नोंदीच्या सुरुवातीच्या ठरावीक लांबीच्या मजकुरावर, तक्रार. लीडर चोवीस अक्षरांचाच लागतो आणि त्यातल्या मोकळ्या जागाही मोजल्या जातात. सॉफ्टवेअरने बाहेर काढताना सुरुवातीच्या पाच जागा छाटल्या होत्या. स्टारलेटने त्या परत लावल्या. पुन्हा स्कीमा, आणि शेवटी ‘व्हॅलिडेट्स’.

बाईंनी तो शब्द वाचला, पण त्यांचं लक्ष वर सरकून गेलेल्या नोंदींकडे. “हे बघ, दिवाळी अंक,” म्हणाल्या. लीडरमध्ये मोजायला शून्यापासून सुरुवात केली की सातव्या जागी नोंद एकट्या पुस्तकाची की नियतकालिकाची हे असतं: ‘एम’ म्हणजे एकटं पुस्तक, ‘एस’ म्हणजे नियतकालिक. आमच्या सगळ्या दिवाळी अंकांवर ‘एम’. दरवर्षीचा अंक वेगळं पुस्तक म्हणून भरलेला, शीर्षकातच साल. लिंटला यात चूक दिसणं शक्यच नव्हतं, स्कीमेलाही नाही. बाईंचं म्हणणं, एका अंकाची एकच नोंद हवी आणि तिच्याखाली साला-सालाच्या प्रती. माझं म्हणणं, वाचक काउंटरवर येऊन सालानेच मागतो, मग आहे तसं राहू दे. यावर चहा झाला, वाद मिटला नाही. पण सूची त्यांची, तेव्हा शब्द त्यांचाच.

स्टारलेटने ‘दिवाळी अंक’ असलेल्या नोंदी वेगळ्या काढून दोन फाइली केल्या. पहिली कोहात तुकड्या-तुकड्याने चढली, दुसरी थांबली आहे. कुठल्या अंकाचं नाव कधी बदललं, कुठला मध्ये बंद पडून पुन्हा सुरू झाला, हे ठरवायला माळ्यावरचे गठ्ठे काढावे लागणार आहेत, आणि त्याची यादी बाई वहीत करायला बसल्या आहेत.